पित्त झालंय की पित्ताशयात खडे?

मराठीत ‘पित्त’ या शब्दाला फार कामं लावलेली आहेत. घशाशी आंबट आलं की पित्त, अर्धं डोकं ठणकलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी ‘पित्त उठलं’. यातलं पहिलं बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं, दुसरं मायग्रेन, तिसरी ॲलर्जी. ज्याला डॉक्टर पित्त म्हणतात तो यकृतात तयार होणारा पिवळसर-हिरवा कडू रस यातल्या एकाही तक्रारीचं मूळ नसतो. यकृतातून निघताना तर तो किंचित अल्कधर्मी असतो, म्हणजे आम्लाच्या अगदी उलट.

या एका शब्दापायी कितीतरी लोक वर्षानुवर्षं चुकीचं औषध घेत राहतात. लग्नाच्या पंगतीत जेवण होतं, रात्री अकरा-बाराच्या सुमारास वरच्या पोटात कळ उठते. घरात कोणीतरी म्हणतं, ‘पित्त झालं असेल.’ मग पित्ताची गोळी, थंड दूध, सोडा, ओवा. दोन-तीन तासांनी कळ थांबते आणि श्रेय गोळीला जातं. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. गोळी घेतली नसती तरी ती कळ तेवढ्याच वेळात थांबली असती. ते का, हे समजून घ्यायचं तर पित्ताशय काय काम करतं तिथून सुरुवात करावी लागेल.

पिशवी, नळी आणि चिंचोळं तोंड

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. आपण दिवसभर खात नसतो, म्हणून जेवणांच्या मधल्या वेळात हे पित्त यकृताच्या खाली चिकटलेल्या एका पिशवीत साठतं. तेच पित्ताशय. लांबी ७ ते १० सेंटिमीटर, आकार छोट्या वांग्यासारखा, आणि मावतं जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर, म्हणजे टपरीवरच्या अर्ध्या कटिंगएवढं. एवढ्याशा जागेत जास्त पित्त बसवायचं म्हणून पित्ताशय त्यातलं पाणी शोषून घेतं आणि पित्त पाच ते दहा पट घट्ट करतं. पुढच्या सगळ्या भानगडीचं बीज इथेच आहे.

तेलकट-तुपकट किंवा प्रथिनांचं अन्न जठरातून लहान आतड्याच्या पहिल्या भागात उतरलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. ते पित्ताशयाला आवळायचा हुकूम देतं. पित्त आधी पित्ताशयाच्या स्वतःच्या नळीतून आणि मग मुख्य पित्तनलिकेतून आतड्यात येतं. पित्ताशयाची नळी आतून दोन-तीन मिलिमीटर रुंद आणि मळसूत्रासारख्या वळ्यांची असते. मुख्य पित्तनलिका साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते, आणि ती आतड्यात उघडते त्या तोंडाशीच बहुतेकांमध्ये स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते. एकाच तोंडाशी दोन नळ्या येतात, हे ध्यानात असू द्या.

खडा धरतो कसा

खडीसाखर कशी करतात ते आठवा. साखरेचा दाट पाक करतात, त्यात दोरा सोडतात आणि भांडं न हलवता ठेवून देतात. पाकात मावेनाशी झालेली साखर दोऱ्याला धरून स्फटिक होऊ लागते. दाट पाक, धरायला दोरा आणि स्थिरपणा, यातलं एक जरी नसलं तरी खडीसाखर नीट धरत नाही.

पित्ताशयात हेच घडतं. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तातले क्षार आणि लेसिथिन त्याला साबणासारखं धरून विरघळलेल्या अवस्थेत ठेवतात. कोलेस्टेरॉल जास्त झालं किंवा क्षार कमी पडले की पाक दाट झाला. पित्ताशयाच्या आतल्या अस्तरातून सुटणारा चिकट श्लेष्मा दोऱ्याचं काम करतो. आणि पित्ताशय नीट आवळून रिकामं होत नसेल तर भांडं न हलवता ठेवल्यासारखं झालं. आधी गाळ जमतो, सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये त्यालाच ‘स्लज’ म्हणतात. गाळाचे कण होतात, कणांचे खडे. ही वाढ संथ असते, वर्षाला फार तर दोन-एक मिलिमीटर.

म्हणूनच गरोदरपणात खडे होण्याची शक्यता वाढते. त्या काळातल्या संप्रेरकांनी पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं आणि पित्ताशयही सुस्तावतं, म्हणजे पाक दाट आणि भांडं स्थिर. जितकी बाळंतपणं जास्त, तितका धोका जास्त. लठ्ठपणा, मधुमेह, चाळिशीपुढचं वय, आई किंवा बहिणीला खडे असणं ही बाकीची कारणं. एका कारणाची मात्र लोकांना कल्पनाच नसते, ते म्हणजे झपाट्याने वजन उतरवणं. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन कमी होऊ लागलं की चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तात येतं, आणि खाणं तुटपुंजं असल्यामुळे पित्ताशय आवळतच नाही. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर म्हणूनच कित्येक डॉक्टर सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या देतात.

दीर्घ उपवासाचंही तेच. नवरात्रात नऊ दिवस दिवसभर जवळजवळ काही न खाता संध्याकाळी दाण्याचं कूट घातलेली, तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी आणि वर तळलेले बटाट्याचे पापड, हा क्रम खडे असलेल्या माणसाला वाईट. दिवसभर साठून घट्ट झालेलं पित्त आणि मग एकदम जोरात आवळायचा हुकूम. उपवास करायचाच असेल तर दर चार-पाच तासांनी थोडं काहीतरी खा, आणि सोडताना तळण नको.

विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला आणखी एक कारण मोठं आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटतात. त्यांतून सुटलेल्या बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याचे काळे, ठिसूळ खडे धरतात, आणि तेही बारा-पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये. थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारातही असंच होतं. सिकलसेल असलेल्या मुलाला उजव्या बरगड्यांखाली दुखलं की ते नेहमीच्या सिकलसेलच्या वेदनेच्या खाती टाकून मोकळं होऊ नये, सोनोग्राफी करावी. या मुलांचे डोळे एरवीही थोडे पिवळसर असतात. म्हणून पाहायचं ते हे, की नेहमीपेक्षा जास्त पिवळे झालेत का. ऑपरेशन ठरलं तर त्यांना आधी रक्त चढवून हिमोग्लोबिन साधारण १० पर्यंत आणावं लागू शकतं, सलाईन भरपूर लागतं आणि अंग गार पडू द्यायचं नसतं. सर्जनला सिकलसेलचं कार्ड पहिल्याच भेटीत दाखवा.

बोअरचं जड पाणी, टोमॅटोच्या बिया, भातातले खडे यांचा पित्ताशयातल्या खड्यांशी संबंध नाही.

कळ ओळखायची कशी

खडे असलेल्या दर दहापैकी साधारण आठ जणांना कधी काही त्रासच होत नाही. खडा पिशवीत पडून असतो तोवर दुखत नाही. दुखतं ते तो पित्ताशयाच्या तोंडात अडकतो तेव्हा. पित्ताशय आवळतंय, वाट बंद आहे, आतला दाब वाढतोय, त्या ताणाची ही कळ. काही तासांनी पित्ताशय सैल पडतं, खडा घरंगळून मागे पिशवीत जातो आणि कळ थांबते. पित्ताची गोळी घेतली नसती तरी कळ थांबलीच असती म्हटलं, ते यामुळे.

या कळीला स्वतःचा चेहरा आहे. ती उजव्या बरगड्यांखाली किंवा छातीच्या हाडाखाली मधोमध, खळगीत येते. खळगीत येते तेव्हाच ‘पित्त’ म्हणून सुटते. बहुतेकदा जेवणानंतर तासा-दोन तासांनी किंवा मध्यरात्री झोपेतून उठवून येते. पंधरा-वीस मिनिटांत चढते आणि मग एका पातळीवर टिकून राहते. आतड्याच्या मुरड्यासारखी येऊन-जाऊन होत नाही. किमान अर्धा तास राहते, पाच-सहा तासांत उतरते. पाठीत उजव्या खांद्याच्या पात्याखाली जाते. मळमळ, उलटी, घाम. माणूस कूस बदलतो, उठून बसतो, येरझाऱ्या घालतो, कशानेच आराम पडत नाही. शौचाला जाऊन, ढेकर देऊन, उलटी करूनही ती हलत नाही.

आम्लाच्या त्रासाची चाल वेगळी. जळजळ खळगीतून छातीकडे वर चढते, आंबट पाणी तोंडाशी येतं, वाकलं किंवा आडवं झालं की वाढतं, आम्लविरोधी औषधाने दहा-पंधरा मिनिटांत फरक पडतो, आणि त्रास रोज किंवा दिवसाआड थोडाथोडा चालू असतो. खड्याची कळ येते तेव्हा माणसाला लोळवते आणि मध्ये आठवडे, महिने काहीच नसतं. करपट ढेकर, पोट फुगणं, गॅस, अन्न पचत नाहीसं वाटणं, ही खड्यांची भरवशाची लक्षणं नव्हेत. ही सगळ्या जगाला असतात, खडे असलेल्यांनाही आणि नसलेल्यांनाही.

पुढची वही ठेवलीत तर डॉक्टरचं निम्मं काम होतं: कळ आली ती तारीख, सुरू झाली ती वेळ, थांबली ती वेळ, आधी काय खाल्लं होतं, कुठे दुखलं, ताप होता का, लघवीचा रंग कसा होता. तीन कळींची अशी नोंद शंभर प्रश्नांना भारी पडते.

एक गोष्ट मात्र आधी. चाळिशीपुढच्या माणसाला, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याला, खळगीत दुखून दरदरून घाम आला, दम लागला किंवा दुखणं डाव्या हातात, जबड्यात गेलं, तर पोटाचा विचार मागाहून. आधी ईसीजी. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका नेमका याच जागी ‘पित्त’ होऊन येतो. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा, गाडी चालवत स्वतः जाऊ नका.

कळ उतरली नाही तर

सहा तास झाले, दुखणं उतरत नाही, ताप आला, उजव्या बरगड्यांखाली हातही लावू देत नाही, तर खडा तोंडात पक्का अडकून पित्ताशयाला सूज आलेली असते. तपासताना डॉक्टर उजव्या बरगड्यांखाली बोटं रोवतात आणि ‘मोठा श्वास घ्या’ म्हणतात. श्वासाबरोबर यकृत आणि पित्ताशय खाली सरकतं, सुजलेली पिशवी बोटांना टेकते आणि श्वास मध्येच अडतो. डाव्या बाजूला असंच केलं तर अडत नाही. मर्फी नावाच्या अमेरिकी सर्जनच्या नावाने ही खूण ओळखली जाते. घरी करून पाहू नका, दवाखान्यात का करतात तेवढं माहीत असावं. म्हाताऱ्या आणि मधुमेही माणसांत वेदना कमी भासते, पण आत पिशवी सडायला लागलेली असू शकते. त्यांच्याबाबतीत ‘फार दुखत नाहीये’ यावर विसंबू नये.

खडा पित्ताशयातून निसटून मुख्य नलिकेत उतरला तर कावीळ होते. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, शौच शाडूसारखं पांढरट, अंगाला खाज. इथे आपल्याकडे फार मोठा घोटाळा होतो. कावीळ म्हटली की गावोगावी झाडपाल्याचं औषध, गळ्यात माळ, चुन्याच्या पाण्यात हात धुवून ‘कावीळ उतरवणं’ सुरू होतं. विषाणूची साधी कावीळ बहुतेकदा विश्रांतीने आपली आपण बरी होते, म्हणून या उपायांना यश आलंसं वाटतं. खड्याने तुंबलेली नळी चुन्याच्या पाण्याने मोकळी होत नाही. आणि नळी तुंबल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत रक्ततपासणीत एसजीओटी-एसजीपीटी हे यकृताचे आकडे शेकड्यांत जाऊ शकतात, त्यामुळे रिपोर्टही विषाणूच्या काविळीसारखा दिसतो. कावीळ होण्याआधी वरच्या पोटात जोराची कळ आली असेल, तर सोनोग्राफी झाल्याशिवाय ‘साधी कावीळ’ हा शब्द कोणाकडूनही मान्य करू नका.

कावीळ, हुडहुडी भरून ताप आणि पोटात दुखणं हे तिन्ही एकत्र आले म्हणजे तुंबलेल्या पित्तात जंतू वाढताहेत. शार्को या फ्रेंच डॉक्टरने १८७७ मध्ये हे त्रिकूट सांगून ठेवलंय. रक्तदाब कोसळून काही तासांत माणूस हाताबाहेर जाऊ शकतो. याला सकाळची वाट पाहायची नसते.

आता ते तोंडाशी भेटणाऱ्या दोन नळ्यांचं. खडा तिथे अडकला तर स्वादुपिंडाचा पाचक रस तुंबून स्वादुपिंड सुजतं. दुखणं आरपार पाठीत जातं, पुढे वाकून बसलं तर थोडं बरं वाटतं, उलट्या थांबत नाहीत. रक्तात लायपेज किंवा अमायलेज हे स्वादुपिंडातलं पाचकद्रव्य नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त निघतं. हा आजार जीवघेणा होऊ शकतो. गंमत नव्हे, गंभीर बाब अशी की हे करतात ते छोटे खडे. ‘चार-पाच मिलिमीटरचेच आहेत, बारीक आहेत’ म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण अरुंद नळीतून निसटून खाली उतरायला बारीक खडाच लागतो. वीस मिलिमीटरचा खडा पिशवीतच राहतो.

सोनोग्राफी आणि तिचा कागद

पित्ताशयातल्या खड्यांसाठी पहिली आणि बहुतेकदा पुरेशी तपासणी म्हणजे पोटाची सोनोग्राफी. सहा ते आठ तास उपाशी राहून जा, कारण खाल्लं की पित्ताशय आवळतं आणि आतलं दिसत नाही. दूध घातलेला चहासुद्धा नको, साधं पाणी चालतं. दुखणं तीव्र असेल तर उपाशीपोटाची वाट न पाहता लगेच करतात.

रिपोर्टमध्ये ‘कॅल्क्युलस’ म्हणजे एक खडा, ‘मल्टिपल कॅल्क्युली’ म्हणजे अनेक. खडा पांढरा चमकतो, त्याच्यामागे काळी सावली पडते आणि कूस बदलली की तो घरंगळतो. हलत नाही आणि सावलीही नाही, तो बहुधा पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तराला आलेला छोटा कोंब. पॉलिप १० मिलिमीटरहून मोठा असेल तर पित्ताशय काढायला सांगतात. खड्यांच्या आकड्यापेक्षा पुढच्या दोन ओळी नीट वाचा: पित्ताशयाची भिंत ३ मिलिमीटरपर्यंत आहे ना, आणि ‘सीबीडी’ म्हणजे मुख्य पित्तनलिका फुगलेली नाही ना. नलिकेतला खडा सोनोग्राफीला बऱ्याचदा चुकतो, मधे आतड्यातला वायू येतो. नलिका फुगलेली असेल किंवा बिलिरुबिन वाढलेलं असेल तर एमआरसीपी नावाचा एमआरआय करतात. साध्या एक्स-रेत मुतखडे बहुतेक दिसतात, पित्ताचे खडे दहांपैकी एक-दोनच. सीटी स्कॅनमध्येही ते निसटू शकतात. तेव्हा ‘सीटी केला, खडा नाही’ हे शेवटचं उत्तर समजू नका.

सेफ्ट्रायॲक्झोन हे प्रतिजैविक घेतलेल्या लोकांत, विशेषतः मुलांत, पित्ताशयात खड्यासारखं दिसतं आणि औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत नाहीसं होतं. नुकतीच टायफॉइडची किंवा न्यूमोनियाची इंजेक्शनं झाली असतील तर हे सांगा. ऑपरेशनची घाई करण्याआधी सोनोग्राफी पुन्हा करून पाहता येते.

खडा दिसला म्हणून खड्याचंच दुखणं?

नेमकं इथे दुसऱ्या टोकाची चूक होते. रोज जळजळ होणाऱ्या माणसाची सोनोग्राफी होते, त्यात योगायोगाने खडा सापडतो, ‘हेच तुमच्या पित्ताचं कारण’ असं ठरतं, पित्ताशय काढलं जातं आणि महिन्याभराने माणूस सांगतो, ‘ऑपरेशन झालं पण पित्त गेलं नाही.’ कसं जाईल? त्रास जठरातल्या आम्लाचा होता. खडा असणं आणि दुखणं खड्याचं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सर्जनला हा प्रश्न सरळ विचारा: माझं दुखणं खड्याच्या कळीसारखं आहे का?

एकदाही कळ न येता, दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत खडे सापडले असतील तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. अशा शंभर जणांपैकी वर्षाला दोघा-तिघांना त्रास सुरू होतो, आणि तो बहुधा आधी साध्या कळीनेच. तीन सेंटिमीटरहून मोठा खडा, कॅल्शियम साचून कडक झालेली पित्ताशयाची भिंत, खड्यासोबत पॉलिप, सिकलसेल, अशा काही जणांचा वेगळा विचार करतात, कारण काहींत कॅन्सरचा आणि काहींत गुंतागुंतीचा धोका जास्त. पित्ताशयाच्या कॅन्सरचं प्रमाण गंगेच्या खोऱ्यात फार आहे, तिथल्या माणसांना डॉक्टर लवकर ऑपरेशन सुचवतात त्यामागे हे कारण असू शकतं.

याउलट खरी कळ एकदा येऊन गेली असेल तर ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी. मग ऑपरेशन टाळत बसण्यात शहाणपण नाही.

खडे विरघळवता येत नाहीत का?

मुतखड्यासाठी हुलग्याचं कढण, भरपूर पाणी, पानफुटी, हे सगळं लोक पित्ताच्या खड्यालाही करतात. प्यायलेलं पाणी मूत्रपिंडातून लघवीत जातं, पित्ताशयात जात नाही. दोन्हींना ‘खडा’ म्हणत असलो तरी घरं वेगळी, वाटा वेगळ्या.

व्हॉट्सॲपवर फिरणारा सफरचंदाचा रस, ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा उपाय आणखी फसवा, कारण दुसऱ्या दिवशी शौचात खरोखर हिरवट गोळ्या पडतात. त्या बोटांनी दाबल्या की मेणासारख्या चपट्या होतात आणि कोमट जागी ठेवल्या की वितळतात. ते खडे नसतात. प्यायलेलं तेल आणि आतड्यातले रस मिळून पोटात बनलेला तो साबण असतो. त्यानंतर सोनोग्राफी केली तर खडे जिथल्या तिथे. आणि पावपेला तेल एकदम पोटात गेलं की पित्ताशय जोरात आवळतं, खडा तोंडात बसतो.

अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड हे खरं औषध आहे, पण त्याचा उपयोग ठरावीक लोकांना: खडे शुद्ध कोलेस्टेरॉलचे, पाच-दहा मिलिमीटरच्या आतले, पित्ताशय नीट आवळणारं. किलोमागे रोज ८ ते १० मिलिग्रॅम, सहा महिने ते दोन वर्षं. विरघळले तरी पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांत पुन्हा होतात. भूल झेपणारच नाही अशा माणसासाठी ठीक.

कळ आली तेव्हा दवाखान्यात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देतात, त्याने वेदना उतरते. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी यातलं काही असेल तर ते आधी सांगा. नुसत्या कळीला प्रतिजैविक लागत नाही.

ऑपरेशन

‘फक्त खडे काढा, पिशवी राहू द्या’ ही मागणी स्वाभाविक आहे. पण पाक दाट आणि भांडं स्थिर तसंच राहिलं तर खडे पुन्हा धरतात. १८८२ मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुखने पहिलं पित्ताशय काढलं ते याच विचाराने. दुर्बिणीतून हे ऑपरेशन पहिल्यांदा जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये केलं, आणि भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी. तोवर पोटावर मोठी चीर आणि आठवडाभर खाट.

आता साधारण चार छेद असतात, बेंबीपाशी एक १० मिलिमीटरचा, एक खळगीत, दोन उजवीकडे ५ मिलिमीटरचे. पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. मग ऑपरेशनचा खरा कसोटीचा भाग येतो: पित्ताशयाला मिळणाऱ्या दोनच गोष्टी, त्याची नळी आणि त्याची रोहिणी, स्वच्छ मोकळ्या करून दाखवायच्या आणि मगच क्लिपा लावून कापायच्या. सुजेमुळे गोंधळ होऊन मुख्य नलिका कापली गेली तर ते आयुष्यभराचं दुखणं होतं. ते हजारात तीन ते पाच जणांत होतं. म्हणून आत दिसत नाहीसं झालं आणि सर्जनने पोट उघडून ऑपरेशन पुरं केलं किंवा पित्ताशयाचा थोडा भाग मुद्दाम मागे ठेवला, तर त्यांनी तुमची नलिका वाचवली आहे. संमतीपत्रावर सही करताना ही शक्यता समजून घ्या.

पित्ताशय सुजलेलं असेल तर ‘आधी सूज उतरू द्या, दीड महिन्याने या’ ही जुनी पद्धत. पहिल्या तीन दिवसांत, फार तर आठवड्याच्या आत ऑपरेशन केलेलं चांगलं. थांबण्याच्या काळात बरेच जण पुन्हा कळ घेऊन येतात. स्वादुपिंडाची सौम्य सूज असेल तर ती उतरल्यावर त्याच मुक्कामात पित्ताशय काढून घ्यावं. गरोदरपणात वारंवार कळ येत असेल तर चौथा ते सहावा महिना ऑपरेशनला सोयीचा. मुख्य नलिकेत खडा असेल तर आधी ईआरसीपी: तोंडातून दुर्बीण घालून आतड्यातल्या त्या तोंडाला छोटा छेद देतात आणि फुग्याने खडा ओढून काढतात. त्याने पिशवीतले खडे जात नाहीत, पित्ताशयाचं ऑपरेशन पाठोपाठ लागतंच. ईआरसीपीनंतर शंभरात चार-पाच जणांना स्वादुपिंडाला सूज येते, हेही विचारून घ्या.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये आपली केस बसते का, ते अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. खाजगी विम्याच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये पित्ताशयाच्या खड्यांसाठी पहिली दोन वर्षं दावा चालत नाही, ते कलम काढून वाचा.

ऑपरेशननंतर

पहिले दोन-तीन दिवस उजवा खांदा दुखतो आणि लोक घाबरतात. उरलेला वायू पोट आणि छातीमधल्या पडद्याला डिवचतो, आणि त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून दुखतं खांद्यात. चाललं-फिरलं की कमी होतं. बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी आणि आठवड्या-दोन आठवड्यांत कामावर. पाण्याची भरलेली कळशी, गॅसची टाकी, मोठं मूल उचलणं तीन-चार आठवडे नको, नाहीतर बेंबीच्या छेदातून हर्निया होऊ शकतो. दुखणं रोज कमी होण्याऐवजी वाढत गेलं, ताप आला, पोट फुगलं किंवा डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी परत जा.

पिशवी नसली तरी यकृत पित्त करतच राहतं, ते थेट आतड्यात ठिबकतं. आयुष्यभर पथ्य लागत नाही. काहींना काही आठवडे पातळ शौच होतं, तोवर तेल-तूप बेताने, जेवण थोडंथोडं, मग हळूहळू नेहमीचं. वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तशीच कळ किंवा कावीळ आली तर नलिकेत मागे राहिलेला खडा असू शकतो. ‘पिशवीच नाही, मग खडा कुठला’ असं म्हणून सोडून देऊ नका.

ऑपरेशननंतर बाटलीत घालून खडे हातात देतात. काही तुतीसारखे खडबडीत, काहींना पैलू पडलेले, एकमेकांवर घासून झालेले. एखादा मधोमध फोडला तर मधल्या बिंदूपासून किरणांसारखे पसरलेले पिवळट स्फटिक किंवा कांद्यासारखी वेढ्यांवर वेढे वळलेली पुटं दिसतात. खडे लोक जपून ठेवतात, पण खरी जपायची गोष्ट दुसरी आहे. काढलेली पिशवी तपासणीसाठी पॅथॉलॉजीकडे गेली का, हे विचारा. क्वचित तिच्यात बाहेरून अजिबात न दिसणारा, सुरुवातीचा कॅन्सर सापडतो, आणि तेव्हाच पुढचं ऑपरेशन केलं तर माणूस वाचतो. तो रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो, म्हणजे माणूस घरी गेल्यावर. टाके दाखवायला जाल त्या दिवशी तो मागून घ्या, डॉक्टरकडून वाचून घ्या आणि सोनोग्राफीच्या कागदाबरोबर फाइलला लावा.